टायटल आणि मेटा डिस्क्रिप्शन: सगळ्या पानांना हिरवा दिवा, तरी क्लिक का होत नाही?

दोन_चाकं (धागाकर्ता)

मंडळी, गेली चार वर्षं मी सायकल दुरुस्तीची माहिती देणारी एक साइट मराठीत चालवतोय. एकशे चाळीस पानं झाली. लेख माझे, फोटोही माझेच, प्रत्येक दुरुस्ती आधी स्वतः करून मग लिहिलेली. एकेका लेखावर चार-पाच रात्री जातात. टायटल, म्हणजे शोधनिकालात दिसणारं पानाचं शीर्षक, आणि मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे त्याखालच्या दोन ओळी, मात्र मी आजवर शेवटच्या दोन मिनिटांत भरत आलो. प्लगिनमध्ये दोन चौकटी असतात, त्यात मुख्य शब्द आला, लांबी बसली की हिरवा दिवा लागतो. तो लागला की प्रकाशित करून मोकळा.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच गूगलचं सर्च कन्सोल (पान निकालात किती वेळा दिसलं, किती क्लिक झाले ते दाखवणारं साधन) नीट उघडून बसलो. चेनवरचं पान शोधनिकालात सतत दिसतंय, पण शंभर वेळा दिसलं तर एकदासुद्धा कोणी त्यावर क्लिक करत नाही. माझ्या मते हा माझ्या सगळ्यात चांगल्या लेखांपैकी एक आहे, म्हणून जास्त लागलं. सध्या त्याचं टायटल असं आहे:

सायकल चेन | सायकल चेन दुरुस्ती | चेन रिपेअर माहिती मराठी

आणि डिस्क्रिप्शन:

सायकल चेन विषयी संपूर्ण माहिती मराठीत. सायकल चेन दुरुस्ती कशी करावी हे जाणून घ्या. अधिक माहितीसाठी लेख वाचा.

दोन्हीला हिरवा दिवा आहे. जाणकारांनी सांगावं, यात काय चुकतंय? शिवाय काही पानांचं टायटल शोधनिकालात मी दिलेलं दिसतच नाही, भलतंच काहीतरी दिसतं. आणि एकशे चाळीस पानांची डिस्क्रिप्शन्स बसून पुन्हा लिहायची का? तयारी आहे, पण उपयोग होणार असेल तरच.

---

कानामात्रा

तुमच्या ओळखपानावरून साइटवर गेले आणि तो लेख पूर्ण वाचला. लेख सुरेख आहे, पण त्यात जे आहे त्यातलं काहीच टायटलमध्ये उतरलेलं नाही.

पहिल्याच परिच्छेदात तुम्ही लिहिलंय: चढावर उभं राहून जोर दिला की पेडल क्षणभर रिकामं फिरतं, कटकन आवाज येतो आणि गुडघ्याला हिसका बसतो. ज्याला हा अनुभव आलाय तो ही ओळ वाचून जागीच थांबेल. पुढे तुम्ही झीज मोजायची रीत दिलीय. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंचांत बसतात. शेवटची पिन त्या खुणेच्या पुढे इंचाचा सोळावा भाग सरकली की चेन बदलायची, आणि आठवा भाग सरकली असेल तर मागचं फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) गेलंय असं समजायचं. घरातल्या साध्या पट्टीने होणारं काम! आणि वर पाटी काय, तर "चेन रिपेअर माहिती मराठी".

मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या लेखांची टायटलं लिहिते. माझी पद्धत सांगते. लेख वाचून झाला की तो बंद करायचा आणि स्वतःला विचारायचं, हे पान उघडण्याआधी माणूस कशाने अडलेला होता? त्याचं उत्तर त्या माणसाच्या तोंडच्या शब्दांत एका वाक्यात म्हणायचं. ते वाक्य कापून-छाटून जे उरतं ते टायटल. दहा मिनिटं बसूनही वाक्य सुचत नसेल तर मी लेखकाला फोन करते, कारण अशा वेळी बहुतेकदा लेखातच दोन-तीन विषय गुंतलेले असतात.

दुसरी एक परीक्षा लगेच करून बघा. तुमचं डिस्क्रिप्शन उचला, "चेन" काढून "ब्रेक" घाला. बसलं? मग "पंक्चर" घाला. तेही बसलं? "संपूर्ण माहिती", "जाणून घ्या", "अधिक माहितीसाठी वाचा" हे शब्द कुठल्याही पानाला चिकटतात, म्हणून कुठल्याच पानाबद्दल काही सांगत नाहीत.

---

मोजपट्टी

कानामात्रा यांचं पटलं. पण नवीन टायटल लिहायला घेण्याआधी एक करा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात वर हे एकच पान निवडा आणि मग खाली क्वेरींची यादी बघा. लोक नेमकं काय टाइप करतात तेव्हा तुमचं पान दिसतं, ते तिथे कळेल. सोळा महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो, पण सध्या तीन महिने पुरेत. ती यादी इथे टाका.

आणि कमी क्लिक म्हणजे टायटल वाईट, असं लगेच धरून चालू नका. सरासरी क्रमांक किती आहे? पान तिसाव्या क्रमांकावर दिसत असेल तर कितीही सुरेख टायटल लिहा, तिथवर खाली येणारेच थोडे. टायटल बदलून फरक पडायची खरी शक्यता पान वरच्या दहात दिसतं पण लोक पुढे निघून जातात, तिथे असते.

---

दोन_चाकं

सरासरी क्रमांक सहा-सातच्या आसपास आहे. यादी बघितली आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. वरच्या ओळी अशा:

सायकलची चेन सारखी पडते
सायकल चेन उतरते उपाय
चेन सैल झाली काय करावे
सायकल चेन स्लिप होते
गिअर सायकल चेन पडते

याच्या दुप्पट ओळी हेच रोमन लिपीत टाइप केलेल्या आहेत.

सायकल न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. चेन पडणं आणि चेन स्लिप होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पडते तेव्हा ती चक्रावरून निघून बाजूला लोंबते. साध्या सायकलीत बहुतेकदा चेन सैल झालेली असते. मागचं चाक जरा मागे ओढून नट आवळला की काम होतं. गिअरवाल्या सायकलीत डिरेलरचे, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचे, दोन स्क्रू बघावे लागतात. स्लिप होते तेव्हा चेन जागेवरच असते, पण झिजल्यामुळे दात सोडून पुढे उडी मारते. माझा अख्खा लेख स्लिप होण्यावर आहे. चेन पडण्याबद्दल त्यात फक्त दोन ओळी आहेत, त्याही शेवटी.

म्हणजे मी टायटलमध्ये "चेन" तीन-तीनदा लिहिलं, चेन पडणाऱ्यांना हे पान दिसत राहिलं, आणि खालचे दोन शब्द वाचून त्यांना आपलं काही इथे दिसलं नाही. ज्यांची चेन स्लिप होते त्यांना तर हा लेख त्यांच्यासाठी आहे हे कळायला काही वावच नव्हता. चार वर्षं.

---

मोजपट्टी

मग नुसतं टायटल बदलून भागणार नाही. दोन पानं करा. आत्ताच्या टायटलात "पडते, उतरते, स्लिप होते" सगळं कोंबायचा मोह होईल. क्लिक वाढतीलही, पण चेन पडणारा माणूस आत येऊन झीज मोजायची रीत वाचेल आणि परत जाईल. त्याचा वेळ आपण घेतला, दिलं काहीच नाही.

---

साठ_अक्षरी

चर्चा चांगली चाललीय, पण मूळ नियम कोणीच सांगितला नाही. टायटल ६० अक्षरं, डिस्क्रिप्शन १६० अक्षरं. त्यापुढे गेलं की दंड बसतो, क्रमांक खाली जातो. मुख्य शब्द अगदी सुरुवातीला हवा. डिस्क्रिप्शनमध्ये तो किमान दोनदा यायला हवा, कारण तिथूनही रँकिंग मिळतं.

---

रात्रपाळी

साठ_अक्षरी, यातल्या बऱ्याच गोष्टी मीही सुरुवातीला याच शब्दांत शिकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिस्क्रिप्शनवरून क्रमांक ठरत नाही. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर सांगितलंय की मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये दिलेली मुख्य शब्दांची यादी) वेब रँकिंगसाठी वापरत नाही, आणि त्याच लेखात डिस्क्रिप्शनबद्दलही तेच सांगितलंय. ते निकालाखालच्या उताऱ्यासाठी कधीकधी वापरलं जातं, एवढंच. शोधलेला शब्द उताऱ्यात आला तर बहुधा ठळक दिसतो, त्याने नजर थांबते. फायदा तो आहे, आणि तो माणसाच्या डोळ्यांना आहे.

लांबीसाठी दंड नाही. गूगलच्या मदतपानांवर टायटलला किंवा डिस्क्रिप्शनला अक्षरांची मर्यादाच दिलेली नाही. पडद्याच्या रुंदीला बसेल तेवढं दिसतं, पुढचं कापलं जातं. "साठ अक्षरं" हा डेस्कटॉपवरच्या साधारण सहाशे पिक्सेलांवरून काढलेला अंदाज आहे, तोही रोमन अक्षरांचा. उताऱ्याची लांबी तर मधेच बदलते. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने उतारे जवळजवळ दुप्पट लांब केले, कित्येकांनी बसून सगळी डिस्क्रिप्शन्स तीनशे अक्षरांची केली, आणि मे २०१८ मध्ये उतारे पुन्हा आखूड झाले. म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की कामाची गोष्ट पहिल्या अर्ध्यात सांगून टाका. मागचं कापलं गेलं तरी अर्थ राहायला हवा.

आता मराठीची गंमत बघा. "विद्यार्थ्यांसाठी" हा शब्द घ्या. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थ्यां, सा, ठी. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक काना, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार वेगळा मोजला जातो, म्हणून प्लगिनचा आकडा येतो सतरा. काही जुनी साधनं बाइट मोजतात, तिथे तो येतो एक्कावन्न! पडद्यावर जागा किती लागते याच्याशी या तिन्ही आकड्यांचा थेट संबंध नाही. त्यामुळे तुमचा हिरवा दिवा मराठी टायटलबद्दल धड काही सांगूच शकत नाही. जोडाक्षरं जास्त असली की उगाच लाल होतो, आणि आपण चांगला शब्द काढून बुळबुळीत शब्द घालतो.

मी काय करतो? टायटल लिहून स्वतःच्या फोनवर, निकालात दिसतं तेवढ्या अक्षरांत बघतो. पहिल्या सहा-सात शब्दांत मुद्दा आलाय का, एवढंच तपासतो.

---

साठ_अक्षरी

डिस्क्रिप्शन आणि लांबीबद्दल माझा समज चुकीचा होता, मान्य. मुख्य शब्द आधी हवा, यावर मात्र मी ठाम आहे.

---

कानामात्रा

त्यावर मीही तुमच्याच बाजूने आहे, फक्त कारण वेगळं आहे. निकालांची यादी आपण वाचत नाही, डावीकडून नजर खाली घसरवत नेतो. म्हणून ओळखीचा शब्द डावीकडे हवा. पण मराठीत वाक्य मोडून शब्द पुढे ढकलला की ते लगेच कळतं. "चेन सायकल स्लिप उपाय" असं कोणी बोलत नाही. "सायकलची चेन स्लिप होते?" यात शब्द पुढेही आहे आणि वाक्यही आपलं आहे.

विभक्तीचं भयही सोडा. "सायकल चेन" हा शब्द जसाच्या तसा हवा म्हणून "सायकलची चेन" लिहायला लोक घाबरतात. टायटल माणसाने वाचायचं आहे. "ची" लावल्याने कोणाला अर्थ लागत नाही असं होत नाही.

---

दोन_चाकं

एक प्रश्न. "स्लिप होते" लिहू की "घसरते"? मला स्वतःला "घसरते" बरं वाटतं, पण यादीत ते एकदाही नाही.

---

कानामात्रा

टायटलमध्ये "स्लिप होते". विचारणारा ज्या शब्दाने विचारतो त्याच शब्दाने त्याला हाक मारावी. लेखात "घसरते" जरूर वापरा, पहिल्याच परिच्छेदात दोन्ही येऊ द्या. मी मराठी शब्दांसाठी भांडणारी बाई आहे, पण हे भांडण लेखाच्या आत करावं. दारातच माणसाला अडवून शब्द शिकवू नये.

---

कानांनी_वाचतो

एक बाजू अजून आली नाही, म्हणून लिहितो. मी स्क्रीन रीडर वापरतो. पान उघडलं की सगळ्यात आधी मला टायटल ऐकू येतं. टॅब बदलताना पुन्हा तेच. पंधरा टॅब उघडे असतील तर तुम्ही डोळ्यांनी चिन्हं ओळखता, मी प्रत्येक टॅबची सुरुवात ऐकतो.

ज्या साइट आपलं नाव टायटलच्या सुरुवातीला लावतात, तिथे प्रत्येक टॅबवर तेच नाव, मग घोषवाक्य, आणि मग कुठे पानाचा विषय. "सायकल चेन सायकल चेन दुरुस्ती चेन रिपेअर" हे ऐकताना कसं वाटतं ते एकदा मोठ्याने वाचून बघा. उभी रेघसुद्धा काही आवाजांमध्ये शब्द म्हणून उच्चारली जाते. पानाला त्याचा विषय सांगणारं टायटल असावं हा सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला, डब्ल्यूसीएजीमधला २.४.२ क्रमांकाचा निकष आहे आणि तो सगळ्यात प्राथमिक पातळीवरचा, ए पातळीचा आहे. शोधनिकालांसाठी म्हणून तुम्ही टायटल सुधारलंत की माझ्यासारख्यांचंही काम सोपं होतं. कृपया साइटचं नाव शेवटी ठेवा.

---

दोन_चाकं

मनापासून आभार. माझ्या सगळ्या पानांवर साइटचं नाव सुरुवातीला आहे, थीमनेच तसं दिलंय. आज रात्री बदलतो.

---

नवशिकी

मग नाव पूर्ण काढूनच टाकलं तर?

---

रात्रपाळी

पहिल्या पानावर हवंच. आतल्या पानांवर शेवटी, छोटंसं, जागा असेल तर. ऑक्टोबर २०२२ पासून गूगलच्या मोबाइल निकालांत साइटचं नाव टायटलच्या वर वेगळ्या ओळीत दिसायला लागलं, पुढे डेस्कटॉपवरही आलं. त्यामुळे टायटलमधून ते कापलं गेलं तरी फारसं बिघडत नाही.

आता धागाकर्त्यांचा राहिलेला प्रश्न: टायटल भलतंच का दिसतं. निकालात दिसणारी ओळ टायटल टॅगमधूनच येते असं नाही. पानावरचं मोठं शीर्षक, एच-१ (मजकुरातल्या मुख्य शीर्षकाचा टॅग), इतर ठळक मजकूर, सोशल मीडियासाठी दिलेलं ओजी टायटल, इतर पानांवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकचे शब्द, हे सगळं बघून ती ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने ही पद्धत बदलली तेव्हा बराच गदारोळ झाला. महिन्याभरात त्यांनी आकडा दिला, की टायटल टॅगच वापरण्याचं प्रमाण आता साधारण ८७ टक्के आहे, आधी ८० च्या आसपास होतं. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही लिहिलेलंच दिसतं. जिथे बदलतं तिथे बहुधा काहीतरी कारण असतं: टायटल रिकामं किंवा अर्धवट असतं, सगळ्या पानांवर तेच असतं, शब्द कोंबलेले असतात, किंवा टायटलमध्ये जुनं साल राहून गेलेलं असतं आणि पानावर नवं.

लिपीचंही बघा. पान मराठीत आणि टायटल रोमनमध्ये, किंवा अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी, अशी टायटलं आपल्याकडे सर्रास असतात. जून २०२२ मध्ये गूगलने यासाठी वेगळी सुधारणा केली. टायटलची भाषा-लिपी मुख्य मजकुराशी जुळत नसेल तर जुळणारं शीर्षक शोधून ते दाखवायचा प्रयत्न होतो. म्हणून रोमनमध्ये शोधणारे खूप आहेत हे दिसलं तरी टायटलला रोमन शेपूट जोडू नका.

तुमच्या कोणत्या पानांचं टायटल बदलतंय त्यांची यादी द्या, सोर्स (पानामागचा कोड) बघून सांगतो.

---

दोन_चाकं

यादी निरोपात पाठवली.

---

रात्रपाळी

बघितलं. दोन गोष्टी सापडल्या, इतरांच्याही उपयोगी पडतील म्हणून इथेच लिहितो.

पहिली: पानाच्या सोर्समध्ये टायटल टॅग दोन वेळा आहे. एक थीमने लिहिलेला, एक प्लगिनचा. थीम जुनी आहे. वर्डप्रेसच्या ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ च्या अखेरीपासून, थीमने टायटल स्वतः न छापता ते काम वर्डप्रेसवर सोपवायची सोय आहे. तुमच्या थीमने ती वापरलेली नाही. त्या टॅगमध्ये साइटचं नाव आणि घोषवाक्य आहे, तेच निकालात दिसतंय. हेडर फाइलमधली ती एक ओळ काढायची आणि थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टायटल टॅगचा सपोर्ट जोडायचा. आधी बॅकअप घ्या.

दुसरी जास्त गमतीची. टायर बदलण्याच्या पानाचं डिस्क्रिप्शन सोर्समध्ये एवढंच आहे: "सायकलचा २६". बस्स. पुढे सगळा कचरा. तुम्ही इंचाची खूण म्हणून कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा टाकल्यात. एचटीएमएलमध्ये तीच खूण डिस्क्रिप्शन कुठे संपतं हे सांगते. प्लगिन ते सांभाळून घेतं, पण तुमची जुनी डिस्क्रिप्शन्स थीमच्या चौकटीत हाताने भरलेली आहेत, तिथे कोणी सांभाळलं नाही. "२६ इंची" असं अक्षरांत लिहा.

---

दोन_चाकं

सायकलीच्या साइटवर इंचाची खूण किती ठिकाणी असेल! शोधून बघितलं, तेवीस पानं निघाली. रात्रपाळी, तुमचे उपकार विसरणार नाही.

चेनच्या दोन पानांची टायटलं लिहून बघितली:

१. जोर लावला की सायकलची चेन स्लिप होते? आधी झीज मोजा
२. सायकलची चेन सारखी पडते? कारणं आणि उपाय

---

मोजपट्टी

पहिलं उत्तम. दुसऱ्यातलं "कारणं आणि उपाय" पुन्हा कुठेही चिकटणारं आहे. तुम्ही वर एका ओळीत सांगितलंत ना, चाक मागे ओढून नट आवळायचा. तेच घाला.

---

कानामात्रा

"सायकलची चेन सारखी पडते? सैल चेन अशी ताणा" बघा. मात्र पान गिअरच्या सायकलीबद्दलही असेल तर हे अपुरं पडेल.

---

दोन_चाकं

गिअरचं तिसरं पान करतो. त्यात डिरेलरचे स्क्रू आहेत, फोटो बरेच लागतील. पहिल्याचं डिस्क्रिप्शन असं लिहिलंय:

चढावर पेडल रिकामं फिरतं, कटकन आवाज येतो? चेन न काढता साध्या पट्टीने झीज मोजा. नुसती चेन बदलून भागेल की फ्रीव्हीलही बदलावं लागेल, हे फोटोंसह.

यासाठी पूर्ण संध्याकाळ गेली. तीन ओळी!

---

कानामात्रा

संध्याकाळ कारणी लागली. यात एकही शब्द ब्रेकच्या पानावर चालणार नाही.

उरलेल्या पानांबद्दल माझं मत: एकशे चाळीस डिस्क्रिप्शन्स लिहायला बसू नका. ज्या वीस-पंचवीस पानांवर लोक येतात किंवा यायला हवेत, तेवढी अशीच मन लावून लिहा. बाकीच्यांची ती ठरीव वाक्यं काढून जागा रिकामी ठेवा. तिथे उतारा पानाच्या मजकुरातून उचलला जाईल, आणि तुमचा मजकूर त्या वाक्यांपेक्षा कितीतरी चांगला आहे. तसंही, लिहून दिलं तरी शोधलेल्या शब्दांप्रमाणे पानातलाच दुसरा भाग दाखवला जाणं नेहमीचं आहे. म्हणून लेखाचा पहिला परिच्छेद नमनाला घडाभर तेल न घालता थेट विषयाला हात घालणारा हवा.

---

मोजपट्टी

बदल करताना वही ठेवा. कोणत्या पानाचं टायटल कोणत्या तारखेला बदललं, आधी काय होतं, नंतर काय आहे. एका वेळी पाच-सहा पानंच. सर्च इंजिनने पान पुन्हा वाचून नवं टायटल दाखवायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी आकडे बघून निराश होऊ नका. तुलना करताना आधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे घ्या, आणि सरासरी क्रमांक जवळपास तोच राहिलाय ना ते आधी तपासा. क्रमांक सहावरून तीनवर गेला असेल तर वाढलेल्या क्लिकचं श्रेय टायटलला देता येणार नाही.

---

नवशिकी

"ही चूक केलीत तर सायकल गमवाल" अशी टायटलं जास्त चालतात असं एका कार्यशाळेत शिकवलं होतं. ते कोणी वापरून बघितलंय का?

---

कानामात्रा

बघितलंय, एका क्लायंटच्या आग्रहाखातर. क्लिक वाढले होते. मग वाचकांची पत्रं आली की लेखात तसं काहीच नाही. माझ्या नावाने गेलेलं काम होतं ते, आजही खुपतं. टायटल हा शब्द दिल्यासारखा असतो, दिलेला पानात पाळता आला पाहिजे. पुन्हा तसं लिहिलं नाही.

---

दोन_चाकं (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

चेन स्लिप होण्याचं पान आता पूर्वीपेक्षा कमी वेळा दिसतं. पहिल्या आठवड्यात ते बघून छातीत धस्स झालं होतं. मग क्वेरींची यादी उघडली: चेन पडण्याच्या ओळी तिथून जवळजवळ गेल्यात आणि नव्या पानाकडे आल्यात. उरलेले लोक स्लिप होण्याबद्दलच विचारणारे आहेत आणि ते आत येतायत. आजवर या लेखाला एक प्रतिक्रिया नव्हती. परवा एकाने लिहिलं, पट्टीवर पिन खुणेच्या पुढे गेलीय, पण नेमकी किती ते कळत नाही, फोटो पाठवू का? चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पट्टी घेऊन चेनपाशी बसलं.

साइटचं नाव सगळीकडे शेवटी गेलंय. इंचाच्या खुणा काढल्या. एकोणीस डिस्क्रिप्शन्स नव्याने लिहिली, बाकी जागा रिकामी केली.

एकच अडकलंय. चेन पडण्याच्या पानाचं टायटल निकालात अजून "सायकल चेन माहिती" असं दिसतं. टॅग एकच आहे, तपासला.

---

रात्रपाळी

आत्ता बघितलं. नवं पान तुम्ही जुन्याची नक्कल करून बनवलंत ना? एच-१ मध्ये अजून "सायकल चेन माहिती" आहे, आणि मेनूतल्या लिंकचे शब्दही तेच. दोन्ही जागी नवं शीर्षक घाला, मग सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती करा.

---

दोन_चाकं

बदललं. मेनूत पाच ठिकाणी होतं. विनंतीही टाकली.

---

कानांनी_वाचतो

आत्ता साइटवर तीन टॅब उघडून बघितले. तिन्ही पहिल्या दोन-तीन शब्दांतच ओळखू आले. धन्यवाद.